चिंचखेड्याची आग कोणी विझवली

वनखात्यात नोकरी होती असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास वाघाचं विचारतो. मी नोकरीभर वाघ पाहिला तो खात्याच्या कॅलेंडरवर. तेलंगणातल्या आदिलाबादच्या डिव्हिजन ऑफिसात माझं टेबल होतं, आणि जंगल माझ्याकडे कागदावरून यायचं. कुठे किती रोपं लावली, किती जगली, कुठे चोरतोड झाली, आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत कुठे कुठे आग लागली. हा शेवटचा आगीचा अहवाल अनेक वर्षं माझ्याकडे होता. ऑफिसात तो कोणाला नको असे, म्हणून तो माझ्याकडे आला. पुढे मला तोच आवडू लागला.

मी निवृत्त होऊन आता दोन उन्हाळे झाले. आमच्या घरात ऑफिसात बसून काम करणारी मी पहिली. बाबा दुसऱ्यांच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायला जायचे, आई निंदायला. सातवीपर्यंत गावात मराठी शाळा होती, पुढे तेलुगू. तिथल्या सरांनी मला रोज शाळा सुटल्यावर ओसरीवर बसवून तेलुगू शिकवलं नसतं, तर मी आठवीतच परत निंदायला गेले असते. त्यांच्यामुळे बी.ए. झाले, परीक्षा दिली आणि सरकारी खुर्चीवर बसले. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, हे आमच्या शिपायाने पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांना नक्कल करून दाखवलं.

आमच्याकडची जंगलाची आग टीव्हीवर दिसते तशी नसते. झाडांचे शेंडे पेटत नाहीत. आमचं जंगल सागाचं. हिवाळा संपता संपता सागाची पानं गळतात आणि खाली वाळलेल्या पानांचा गुडघ्याएवढा थर होतो. त्यावर चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आग लागते ती या पाल्याला, आणि ती जमिनीवरून सरकत जाते. मोठी झाडं बहुतेक वाचतात. जळतात ती लहान रोपं, पक्ष्यांची अंडी, आणि पुढच्या पिढीचं जंगल. ही आग पाण्याने विझवत नाहीत, कारण तिथे पाणी आणणार कुठून? हिरव्या फांद्या तोडून तिला झोडपतात. अलीकडे पाला उडवणारी यंत्रं आली आहेत, पण फांदी अजून सुटलेली नाही.

ती पसरू नये म्हणून जंगलातून लांब पट्टे साफ करतात. त्यांना फायर लाईन म्हणतात. पट्ट्यावरचा पाला गोळा करून आपल्या नजरेसमोर आधीच जाळायचा, म्हणजे पलीकडून आलेली आग त्या रिकाम्या पट्ट्याशी येऊन थांबते. हे काम झालं की नाही, ते वर कळवायचं. मग आगीचे दिवस सुरू झाले की आकाशातला उपग्रह आमच्यावर लक्ष ठेवतो. त्याला जमिनीवर कुठे जास्त उष्णता दिसली की आमच्या मोबाईलवर संदेश येतो. त्या भागाचा बीट ऑफिसर, म्हणजे आमचा सगळ्यात खालचा वनरक्षक, तिथे जातो, बघतो आणि कळवतो.

उपग्रह हुशार असतो, पण त्याला आग कशाची आहे ते कळत नाही. कापूस निघाल्यावर शेतकरी वावरात पऱ्हाटी जाळतात, तेही त्याला जंगल पेटल्यासारखं दिसतं. नेरडीगोंड्याच्या बाजूला एक विटांची भट्टी होती. ती पेटली की दरवर्षी संदेश यायचा, दरवर्षी आमचा माणूस जायचा, भट्टीवाला दरवर्षी त्याला चहा पाजायचा. अहवालाच्या शेवटी शेऱ्यांचा रकाना असतो. आमचे निजामाच्या काळातली भाषा बोलणारे जुने हेडक्लार्क त्याला 'कैफियत' म्हणत. त्या रकान्यात मी लिहायची, 'विटांची भट्टी, यंदाही.' वरून कधी कोणी त्यावर काही विचारलं नाही. त्यावरून शेरे कोणी वाचत नाही, हे मला कळलं.

आता चिंचखेड्याची गोष्ट. गावांची नावं मी बदलली आहेत, कारण दोन्ही गावची माणसं अजून मला फोन करतात.

चिंचखेडा म्हणजे जंगलाला टेकलेलं गाव. काही घरं आमच्या बौद्ध समाजाची, काही कापूस-ज्वारी करणाऱ्यांची, काही गोंडांची. गावात वनसंरक्षण समिती होती आणि तिच्या अध्यक्ष सुगंधाबाई. बाईंचं वय साठीच्या आसपास, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. कंट्रोल रूमचा फोन माझ्याच टेबलावर होता आणि त्याचा नंबर प्रत्येक गावाला दिलेला होता. बाकीची गावं तो भिंतीवर रंगवून विसरून गेली. सुगंधाबाईंनी तो पाठ केला. गुराख्याची बिडी पडून हातभर पाला जळाला, फोन. नाल्याकाठी धूर दिसला, फोन. फोन करायच्या आधीच बायका फांद्या घेऊन पोचलेल्या असत आणि आग विझलेली असे. उपग्रहाला त्यातलं बहुतेक काही दिसतही नसे. एवढीशी आग त्याच्या फेरीच्या आत विझून जायची.

"बाई, इझवली आमी," एवढं सांगून झाल्यावर त्या माझ्या सुनेची तब्येत विचारायच्या.

अडचण अशी होती की आमच्या अहवालात गावं मोजली जात ती आगीच्या नोंदींवर. जितक्या नोंदी जास्त, तितकं गाव धोक्याचं. हा नमुना वरून आलेला. त्या नमुन्यात चिंचखेडा सगळ्यात वर गेलं. ज्या गावांनी आम्हाला कधी फोन केला नाही आणि ज्यांच्या शेजारचे डोंगर काळे पडले होते, ती खाली शांत बसली. मी शेऱ्यात लिहिलं, सुपरिंटेंडेंट साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, नमुना आपण केला आहे का? तेही खरंच होतं.

मग वरून सूचना आली. सगळ्यात धोक्याच्या गावांच्या बाजूचं जंगल आगीच्या दिवसांत लोकांना बंद ठेवावं. वाचायला साधी ओळ. पण आगीचे दिवस आणि मोहाचे दिवस एकच असतात. मार्चमध्ये पहाटे मोहाची फुलं पडू लागतात आणि बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. शेतीचा पैसा घरच्या पुरुषांच्या हातात येतो, मोहाचा बायकांच्या. त्यातून पोरींच्या वह्या, डॉक्टर, माहेरी जायचं भाडं निघतं. जंगल बंद म्हणजे चिंचखेड्याच्या बायकांचा मोह गेला. खात्याचीही बाजू होती. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची जुनी सवय आहे, आणि आमच्या बऱ्याच आगी तिथूनच सुरू होतात. चिंचखेड्याने ती सवय सोडली होती, पण नमुन्यात त्याला रकाना नव्हता.

त्या वर्षी आमच्याकडे नवीन अधिकारी मॅडम आल्या होत्या. वारंगलकडच्या, तरुण, तेलुगू आणि हिंदी बोलणाऱ्या. बंदीचा कागद सहीसाठी त्यांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, बघून सही करीन.

ही बातमी चिंचखेड्याला पोचवली आमच्या बीट ऑफिसरने, तिरुपतीने. अगदी सरळ मनाचा मुलगा. त्याने सुगंधाबाईंना सांगितलं की तुमचे फोन जास्त होतात, म्हणून तुमचं गाव वर बदनाम झालं आहे, आता मोह बंद होईल. भल्यासाठीच सांगितलं त्याने.

दुसऱ्या दिवसापासून चिंचखेड्याचा फोन बंद झाला.

पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या सगळ्यांना बरं वाटलं. नोंदींचा आकडा खाली आला, सुपरिंटेंडेंट साहेबांनी चहा मागवला. मला मात्र चैन पडेना. पाला तसाच होता, ऊन वाढत होतं, गुराखी तेच होते. मी एकदा आपणहून फोन लावला. सुगंधाबाईंनी सुनेची तब्येत विचारली, नातवाचं विचारलं. आगीचं विचारल्यावर म्हणाल्या, आमच्याकडे आता आग लागतच नाही. आणि फोन ठेवला.

आणि मग एके दुपारी उपग्रहाचा संदेश आला. जागा चिंचखेड्याच्या मोहांना लागूनच.

मॅडम म्हणाल्या, मीच जाते. मला म्हणाल्या, तुम्हाला तिथलं मराठी येतं, तुम्ही चला. नोकरीत मी पहिल्यांदाच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. चिंचखेड्याच्या अलीकडे कोसंबगुडा लागतं. तिथे रस्त्यातच चार-पाच जणांनी जीप अडवली. आग आम्ही विझवली, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. एकाने मोबाईलवर ज्वाळांचा फोटो दाखवला. गावाला खात्याकडून शाबासकीचं पत्र मिळावं, अशी त्यांची विनंती होती. मॅडमनी बघते म्हणून सांगितलं.

जागेवर तिरुपती आधीच पोचला होता. आग विझलेली. मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं की ती आपोआप विझलेली नव्हती. काळ्या जमिनीच्या कडेने सगळीकडे पळसाच्या मोडलेल्या फांद्या पडल्या होत्या. जळालेला भाग एका मोठ्या अंगणाएवढा. त्याच्या पुढे दहा पावलांवर मोहाची झाडं सुरू होत होती आणि त्यांच्या खालची जमीन सारवल्यासारखी झाडून ठेवलेली होती.

आम्ही गावात गेलो. समाजमंदिरासमोर सतरंजी अंथरली. सुगंधाबाई आल्या, बायका आल्या, काही पुरुष आले. मॅडम तेलुगूत विचारणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलं. मी विचारलं, आग कोणी विझवली?

"आग?" सुगंधाबाईंनी बाजूच्या बायकांकडे पाहिलं. "कोणती आग वं? तुमी पायली का?"

कोणीच पाहिली नव्हती. एकजण म्हणाली, आम्ही सगळ्या कापसाच्या कामाला गेलो होतो. दुसरी म्हणाली, मी तर माहेरी होते. तिच्या लुगड्याच्या काठाला ठिणगीची ताजी भोकं होती. सुगंधाबाईंच्या हातावर काजळी होती, ते हात त्या पदराखाली घेऊन बसल्या होत्या. त्यांचे यजमान दौलतराव खांबाला टेकून बसले होते आणि त्यांची अर्धी मिशी जळून गेलेली होती. मॅडमनी त्या मिशीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, विचारा.

मी विचारलं. दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"चूल फुकून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"कवा फुकली तुमी चूल?" मागून एक म्हातारी बोलून गेली. "जलमात तरी फुकली का?"

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सुगंधाबाईंनी एक नजर फिरवली तशा गप्प झाल्या. मी हे सगळं मॅडमना तेलुगूत सांगत होते. मिशीपर्यंत आल्यावर मलाच हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, ठीक आहे, यांना माहीत नाही तर नाही. मग कोसंबगुड्याने विझवली हेच खरं असेल. आपण तसंच लिहू, त्यांना पत्र देऊ.

त्यांनी हे मुद्दाम म्हटलं की खरंच, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

मग सुगंधाबाई उभ्या राहिल्या.

"कोसंबगुड्याचे?" त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल. "ते त रस्त्यावर मोटारसायकलीवर बसून फोटो काढून राह्यले होते. एकानं खाली पाय नाई टेकवला. म्या म्हटलं, अरे भाऊ, एक फांदी त तोडा. त म्हणते, आमचे कपडे खराब होते. लगनाला जाऊन राह्यले होते ते, बाई. लगनाला!"

मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या. माहेरी गेलेली बाई सांगू लागली की आग रस्त्याच्या अंगाने आली आणि तिनेच ती पहिल्यांदा पाहिली. दुसरी म्हणाली, पहिल्यांदा मी पाहिली. कोण कुठल्या बाजूने झोडपत होतं, कोणाची चप्पल वितळली, दौलतराव सगळ्यांच्या पुढे कसे गेले आणि मिशी पेटल्यावर कसे मागे आले, ते सगळं बाहेर आलं. दौलतराव ताठ बसले. कोसंबगुड्याशी चिंचखेड्याचं जुनं वाकडं आहे. खेळाच्या मैदानावरून, बैलांवरून, सोयरिकीवरून. मोह जाईल या भीतीने अख्खं गाव इतके दिवस गप्प राहिलं होतं, पण आपण विझवलेली आग कोसंबगुड्याच्या नावावर जाणं त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

मी भाषांतर करता करता मागे पडले. मॅडमना बहुधा गरजही नव्हती, त्या हसत होत्या.

सुगंधाबाईंना मग भान आलं. त्या खाली बसल्या. हात आता पदराबाहेर होते.

"बाई," त्या मला म्हणाल्या, पण बघत होत्या मॅडमकडे, "सांगतलं त मोह बंद. नाई सांगतलं त जंगल जळते. आमी काय कराव, ते एकदा सांगून टाका. आग लागली त फोन कराव का नाई?"

मी हे तेलुगूत सांगितलं. हा प्रश्न मीही शेऱ्यांच्या रकान्यात बरेच दिवस लिहीत आले होते, फक्त सरकारी भाषेत.

मॅडम म्हणाल्या, सूचना माझी नाही, वरची आहे, मी इथे बसून ती रद्द करते म्हटलं तर ते खोटं होईल. पण फोन करा. माझ्यासाठी करा. मग त्यांनी मोह दाखवा म्हणून सांगितलं. बायकांनी त्यांना झाडाखाली नेलं, बांबूच्या फड्याने, म्हणजे खराट्याने, झाडलेली जमीन दाखवली, फुलं झेलायला झाडाखाली अंथरायची जुनी लुगडी दाखवली. मॅडमनी फडा हातात घेऊन झाडून पाहिलं. बायकांना ते पसंत पडलं नाही. एकीने फडा परत काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात वरिष्ठांची बैठक होती, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. मी आकडे काढून देण्यासाठी मॅडमच्या मागे स्टुलावर बसले होते. पडद्यावरच्या वरिष्ठ साहेबांनी विचारलं, तुमच्या डिव्हिजनमध्ये एक गाव नोंदींत एवढं वर आणि त्याच्या बंदीच्या कागदावर अजून सही नाही, हे कसं?

मॅडम म्हणाल्या की तिथल्या आगी अंगणाएवढ्या आहेत आणि गावाने स्वतः विझवलेल्या आहेत. ज्या आगी गावांनी कळवल्या नाहीत आणि फक्त उपग्रहाने कळवल्या, त्यांत टेकड्या गेल्या आहेत. "सर, जिथून मला फोन येतो तिथलं जंगल मी बंद करणार असेन, तर पुढच्या वर्षी मला कुठूनच फोन येणार नाही," त्या म्हणाल्या. "मग आपला अहवाल अगदी स्वच्छ असेल."

मग साहेब म्हणाले, लेखी प्रस्ताव पाठवा.

प्रस्ताव मी टाईप केला. नोकरीत मी हजारो कागद टाईप केले असतील, पण एवढ्या आनंदाने कुठलाच नाही. गावाने कळवलेली आग आणि उपग्रहाने कळवलेली आग वेगळी मोजावी, आणि गावाने विझवलेली आग धोक्यात न धरता कामात धरावी, असं त्यात होतं. उत्तर येईपर्यंत मात्र मोह थांबणार नव्हता. मॅडमनी बंदीच्या कागदावर सही केली नाही. त्याऐवजी स्वतःच्या अधिकारात दुसरा कागद काढला, की झाडाखाली पाला न पेटवण्याच्या अटीवर चिंचखेड्याला जंगल खुलं राहील. आग लागली असती तर ठपका त्यांच्याच नावावर आला असता, हे त्यांनाही माहीत होतं.

प्रस्तावाचं पुढे अर्धं झालं. नमुन्यात एक नवीन रकाना आला, पण गावांची क्रमवारी जुन्याच पद्धतीने लागते. अजूनही काही गावांपुढे आगीच्या नोंदी शून्य दिसतात आणि ते शून्य पाहून मला बरं वाटत नाही. मॅडमची बदली निर्मलला झाली. माझ्या निरोपाला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना मिशीची गोष्ट सांगितली.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या दुसऱ्या कागदावर मॅडमची सही होताच चिंचखेड्याला कळवायचं काम मी मागून घेतलं. सुगंधाबाईंनी फोन उचलला. मी सांगितलं, जंगल खुलं आहे, मोह वेचा, पाला पेटवू नका.

मला वाटलं त्या आभार मानतील, किंवा रडतील, किंवा सुनेची तब्येत विचारतील. त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच मोठा.

"मंग लिहून घ्या, बाई. उगवतीकडच्या फायर लायनीवर पाला साचून राह्यला. वाऱ्यानं पुन्यांदा येऊन पडला. तिरुपतीले उद्या सकाळी पाठवा, आमी फडे घेऊन येतो. आन् कालच्याला नाल्यापाशी धूर निंघाला होता, तो बी लिहा. इझवला आमी."

मी वही ओढली आणि लिहून घेतलं.